राजकुमारला उठू द्यायचं नाही!

पाण्याचं नियोजन मला कुणी शिकवू नये! एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत मी. आता ती आस्थापना शाखेत काढली, म्हणजे रजेचे अर्ज आणि सेवापुस्तकं एवढंच हाताखालून गेलं, आणि प्रत्यक्ष कालवा मी फक्त सहलीला गेलो तेव्हा पाहिला, हा भाग वेगळा. पण खातं पाण्याचंच होतं ना! म्हणून त्या शुक्रवारी सकाळी शहागंजला खरेदीला निघालेली आमची उमा दारात थांबून म्हणाली, "हौद भरून घ्याल ना नीट?" तेव्हा मला सरळसरळ अपमान वाटला.

"अगं, सेलूकर म्हणतात मला!" मी म्हणालो. "हौद असा भरतो की झाकण तरंगेल!"

"झाकण राहू द्या जागेवर. रविवारी ओवीचं डोहाळजेवण आहे, साठ बायका येणार आहेत. आज पाणी आलं की पुन्हा थेट गुरुवारी. एवढं एकच काम सांगतेय तुम्हाला."

आणि ती गेली. लेक आतल्या खोलीत पाय वर करून पडली होती. सातवा महिना लागलेला, तिला काही सांगायची सोय नव्हती.

ते वर्ष दुष्काळाचं. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमच्या कॉलनीत पाणी सहा दिवसांनी एकदा यायचं, तेही पाऊण तास. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. वीस वर्षांत रानाच्या जागी चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, शहर पार बीड बायपास ओलांडून गेलं, पण रस्त्याखालची पाइपलाइन मात्र ज्वारीच्या काळातलीच राहिली. खासगी टँकरवाला आठ दिवसांनंतरची तारीख देत होता, तीसुद्धा उपकार केल्यासारखी. म्हणजे साठ पानांची सगळी भिस्त शुक्रवारच्या त्या पाऊण तासावर होती.

आणि त्याच दिवशी कसोटीचा पाचवा दिवस होता!

आता तुम्ही म्हणाल, बसले असतील सेलूकर टीव्हीसमोर आणि विसरले असतील पाणी. छे! मी इतका साधा नाही. उलट त्या मॅचच्या जोरावर पाऊण तासाचे दोन तास करायचे, असा बेत मी रात्रीच आखला होता.

बेत असा. आमच्या दोन गल्ल्यांना पाणी सोडणारा महापालिकेचा लाइनमन एकच, राजकुमार. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी घेऊन तो सकाळी नऊच्या सुमाराला यायचा, आमच्या गल्लीचा व्हॉल्व उघडायचा आणि पाऊण तासानं तो बंद करून मागच्या गल्लीचा उघडायचा. हा राजकुमार क्रिकेटचा पक्का दर्दी. आमखास मैदानावर टेनिस बॉलनं लेगस्पिन टाकायचा. मागच्या कसोटीच्या वेळी तो आमच्या फाटकाशी स्कोर विचारायला थांबला, तेवढ्यात थर्ड अंपायरकडं निर्णय गेला, आणि तो निर्णय येईपर्यंत राजकुमार सहा मिनिटं फाटक धरून उभा राहिला. त्या दिवशी आमच्या गल्लीला सहा मिनिटं पाणी जास्त आलं! हे गल्लीत कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

व्हॉल्व बंद करायला जाणारा माणूस आपल्या सोफ्यावर बसलेला असेल, तर व्हॉल्व बंद होणार कसा? मागच्या गल्लीला थोडा उशीर झाला असता, हे खरं. पण त्यांच्याकडं कुठं डोहाळजेवण होतं! शिवाय मागच्या गल्लीतल्या मालनबाई अकरा वर्षं हातात घड्याळ घेऊन आमच्या नळाची मिनिटं मोजत आल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध मी दोनदा आणि माझ्याविरुद्ध त्यांनी तीनदा अर्ज केलेला होता. तेव्हा मनाला फारसं काही टोचलं नाही.

सामना तर असा रंगला होता की काय सांगू! जिंकायला तीनशे तीस हवे होते. आपले एकशे सोळा झाले होते, चार गडी बाद. म्हणजे शेवटच्या दिवशी नव्वद षटकं, दोनशे चौदा धावा आणि हातात सहा विकेट. जिंकू शकतो, हरू शकतो, सामना अनिर्णितही राहू शकतो. तराजूचा काटा अगदी मधोमध. असा सामना चालू असताना क्रिकेटवेड्या माणसाला जागेवर बसवून ठेवायला एकच गोष्ट लागते, वाद!

म्हणून मी दोन माणसं जमवली. एक शेजारचे केशवराव, गणिताचे निवृत्त मास्तर. हे प्रत्येक मॅचचा स्कोर चेंडूगणिक वहीत लिहितात. दुसरा आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू शंतनू. वाळूजला कंपनीत दुसऱ्या पाळीला जातो, त्यामुळं सकाळी मोकळा.

"मी म्हणणार आपण जिंकणार," मी कामं वाटून दिली. "शंतनू, तू म्हणायचं हरणार. केशवराव, तुम्ही म्हणा अनिर्णित. नियम दोन. वाद संपता कामा नये. कुणाची बाजू पडायला लागली की दुसऱ्यानं तिला हात द्यायचा. आणि पाणी हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. तो शब्द ऐकला की त्याला ड्यूटी आठवेल."

"पण सेलूकर, मला खरोखर वाटतंय की अनिर्णित राहणार," केशवराव म्हणाले.

"मग तर सोन्याहून पिवळं!"

"आणि त्याला तहान लागली तर?" शंतनूनं विचारलं.

"चहा द्यायचा!"

गल्लीतल्या सातही घरांना मी निरोप दिला. आज कुणी बादल्या वाजवायच्या नाहीत, मोटारी लावायच्या नाहीत, ओरडाओरडा करायचा नाही. नळातनं पाणी आपोआप हौदात पडेल, ते गुपचूप पडू द्यायचं. हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज राजकुमारच्या कानावर जाऊ नये म्हणून मी टीव्हीचा आवाज भरपूर वाढवून ठेवला. नियोजन म्हणतात ते हे!

नऊ वीसला राजकुमार दिसला. नेहमीच्या बाजूनं न येता तो मागच्या गल्लीच्या वळणावरनं आला. मी म्हटलं, आमचा व्हॉल्व उघडून तिकडच्या टपरीवर गेला असेल तंबाखू मळायला.

"साहेब, काय म्हणती मॅच?" त्यानं फाटकातनं विचारलं.

"काहीच म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे! ये आत, तूच सांग."

"नाय साहेब, मला ते जरा—"

"अरे, पाच मिनिटं! हे केशवराव म्हणतात, सामना अनिर्णित राहणार."

राजकुमार थबकला. "अनिर्णित? आख्ख्या नव्वद ओव्हर बाकी हायेत आन् म्हणं अनिर्णित! कसा राहीन?"

आणि चावी भिंतीला टेकवून, चप्पल काढून तो आत आला. मी शंतनूला डोळा मारला.

मग काय विचारता! पहिली पंधरा मिनिटं तर मला काही करावंच लागलं नाही. शंतनू म्हणाला, पिचला भेगा पडल्यात, दुपारपर्यंत सगळे गारद. केशवरावांनी वही उघडून आकडे मांडले, गेल्या चाळीस षटकांचा वेग पाहता चहापानाला इतक्या धावा, म्हणजे अनिर्णित. मी म्हणालो, आपला सहावा गडी असा सुटलाय की विचारू नका. राजकुमार पुढं सरकून बसला.

"ते समदं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "फिरकी नाय साहेब, खरी गोम नव्या चेंडूत हाय. जेवणानंतर नऊ ओव्हरनी नवा चेंडू भेटन त्यांना. तवर एकच गडी गेला तर आपली मॅच. दोन गेले तर लई अवघड."

खरं सांगतो, माझ्या मनात हा मुद्दा आलाच नव्हता! क्षणभर मी बेत विसरून नुसता ऐकत राहिलो.

पावणेदहाला त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि तो उठला. "चला साहेब, तुमच्या गल्लीचं—"

"आमच्या गल्लीचं सोड रे!" मी त्याचा हात धरला. "पिचचं बोल! शंतनू काय म्हणतोय ऐकलंस का? म्हणतो लेगस्पिनरला इथं काही काम नाही!"

शंतनू तसं काही म्हणाला नव्हता, पण पोरगा तयारीचा. "काहीच काम नाही," तो म्हणाला. राजकुमार खाली बसला तो लेगस्पिन म्हणजे काय हे सांगायलाच. त्यानं आमच्या फळांच्या ताटलीतला चिकू घेऊन मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. यात वीस मिनिटं गेली.

तेवढ्यात समोरच्या सत्यभामाबाई खिडकीशी आल्या. नियम पाळायच्या म्हणून तोंडानं काही न बोलता त्यांनी नळ फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि दोन्ही हात हवेत उडवले. मला वाटलं, विचारतायत, हौद भरून वाहायला लागला, आता काय करू? मी हात वर करून खूण केली, वाहू दे, बिनधास्त! त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, बाई खूश झाली.

अकराच्या सुमाराला आपला पाचवा गडी बाद झाला आणि वादाला पुन्हा जोर चढला. मध्येच राजकुमार म्हणाला, "साहेब, जरा पाणी भेटन का?"

आम्ही तिघंही जागच्या जागी गोठलो! केशवरावांच्या हातातनं पेन्सिल पडली.

"चहा आणतो!" मी म्हणालो.

"चारदा झाला चहा! पोटात नुसती आग पडलीया."

शेवटी ओवीसाठी ठेवलेलं ताक मी त्याला दिलं. लेकीच्या तोंडचं ताक काढून मी लाइनमनला पाजलं, यावरून माझी तळमळ तुमच्या लक्षात यावी.

साडेअकराला लंच झाला. एकशे सत्त्याऐंशी, पाच बाद. एकशे त्रेचाळीस धावा, साठ षटकं, पाच विकेट. काटा अजून मधोमधच! पण पडद्यावर जाहिराती लागल्या आणि राजकुमार पाय झटकत उभा राहिला. आता त्याला धरून ठेवायला मॅच नव्हती, नुसते आम्ही होतो.

"केशवराव!" मी हाक दिली. "सांगा ना त्याला, का अनिर्णित राहणार ते!"

केशवरावांनी वही पाहिली, राजकुमारकडं पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नाही, सेलूकर. मी विचार केला. याचा नव्या चेंडूचा मुद्दा मला पटला. आपण जिंकणार."

पटला! अहो, दोन तासांच्या वादात आमच्या बाजूच्या कुणाला काही पटणं हेच मुळात बेतात नव्हतं! आता मी जिंकणार म्हणत होतो, राजकुमारही तेच म्हणत होता, केशवरावही तेच. शंतनूनं माझ्याकडं पाहून खांदे उडवले.

"मिटलं मंग," राजकुमार चपलेकडं वळत म्हणाला. "येतो साहेब."

"काय मिटलं?" मी ओरडलो. "आपण हरणार! सपाटून मार खाणार! शेपटाला बॅट धरता येते का? लिहून ठेव!"

"हरणार?" सकाळपासून हरणार-हरणार म्हणणारा शंतनू सवयीनं माझ्यावर उलटला. "कशावरनं हरणार, काका? जिंकणार!"

राजकुमार खो खो हसत परत सोफ्यावर बसला. "आरं तिच्या! तुम्ही तं दोघांनीबी पार्टी बदलली!"

पावणेबारा झाले होते. अडीच तासांच्या वर पाणी! माझ्या डोळ्यांपुढं काठोकाठ भरलेला हौद दिसत होता. मी मनातल्या मनात ओवीच्या सासूबाईंना पाण्याचा तांब्या पुढं करत होतो.

तेवढ्यात फाटक वाजलं. उमा आली होती. एका हातात साड्यांच्या पिशव्या, दुसऱ्या हातात चपला आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"मागच्या गल्लीत रिक्षा बंद पडली," ती दारातनंच म्हणाली. "घोटाभर पाणी वाहतंय रस्त्यावर! घराघरांतनं पायऱ्या धुतायत, एकानं जीप धुतली, एकजण म्हैस धुतोय! एवढं पाणी मी तीन वर्षांत पाहिलं नाही!"

पाणी, पाणी, पाणी! मी डोळ्यांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला, पण राजकुमार ताडकन उठला होता.

"अय्यो! मागचा व्हॉल्व चालूच हाय!"

"मागचा?" मी म्हणालो. "मागचा कसा? आमचा ना?"

"तुमचा कुठं उघडलाय अजून?" तो चावी उचलत म्हणाला. "या खेपेपासून मागची गल्ली आधी, तुमची नंतर, असा हुकूम आलाय. मी दोनदा सांगाया लागलो तं तुम्हीच म्हणाले पिचचं बोल! मला वाटलं, तुमचे हौद भरलेले असत्यान, म्हणून साहेब निवांत हायेत. आन् मीबी येडा, बोलण्यात गुतून गेलो!"

तो धावत सुटला. मी अंगणात जाऊन हौदाचं झाकण उचललं. तळाला मागच्या खेपेचं दोन बोटं पाणी होतं आणि त्यात माझं तोंड दिसत होतं.

राजकुमारनं मागचा व्हॉल्व बंद करून आमचा उघडला. नळानं दोनदा खोकल्यासारखं केलं, फुस्स करून हवा सोडली आणि तो गप्प झाला. महापालिकेची वरची मोठी टाकी रिकामी झाली होती. आमच्या सात घरांचं पाणी मागच्या गल्लीच्या पायऱ्यांवरनं आणि म्हशीच्या पाठीवरनं वाहून गेलं होतं. आता गुरुवार! सत्यभामाबाईंनी खिडकीतनं माझ्याकडं पाहिलं आणि या वेळी कुठलीही खूण केली नाही. दुष्काळात एवढं पाणी आपल्या हुशारीपायी मातीत गेलं, याची मला मनापासून लाज वाटली.

त्यातच राजकुमारचा फोन वाजला. सुपरवायझरचा होता. राजकुमारचा चेहरा पडला, तसा मी फोन त्याच्या हातातनं घेतला.

"साहेब, मी सेलूकर. त्याची चूक नाही. मीच त्याला मॅचच्या वादात बळजबरीनं बसवून ठेवलं होतं. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

पलीकडं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग सुपरवायझर म्हणाले, "लंचला किती झाले?"

उमाला मात्र मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त खुर्चीत बसली आणि पिशवीतली हिरवी साडी घडी मोडून पुन्हा घडी घालत राहिली. "लेकीचं पहिलं डोहाळजेवण," ती म्हणाली. "सगळ्यांना फोन करून सांगते, पुढं ढकललं म्हणून." आतनं ओवीनं विचारलं, "आई, माझं ताक कुठंय?" आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

संध्याकाळी मालनबाई आल्या. मी फाटकाआड व्हायला बघत होतो, पण त्यांनी मला पाहिलं.

"सेलूकर भाऊ, ऐकलं म्या सगळं. राजकुमारनं सांगितलं." त्या माझ्या बाजूनं सरळ उमाकडं गेल्या. "ताई, माझा हौद भरला, टाक्या भरल्या, पिपं, पातेली, घंगाळ, समदं भरलंय. ठिवायला जागा नाय. पोरीचं डोहाळजेवण कशापायी थांबवता? माणसं पाठवा, घेऊन जा."

माणसं म्हणजे मी! एवढा लांब पाइप कुणाकडंच नव्हता. शनिवारी सकाळपासून मी, शंतनू, केशवराव आणि सुट्टी टाकून आलेला राजकुमार, असे चौघं हंडे-कळश्या घेऊन मागच्या गल्लीच्या खेपा करत होतो. एकतीस वर्षांत खात्यासाठी वाहिलं नाही इतकं पाणी मी त्या दिवशी वाहिलं. दर खेपेला मालनबाई ओट्यावर बसून हंडे मोजायच्या. आदल्या दिवशी मॅचचं पुढं काय झालं, ते आम्हाला चौथ्या खेपेला पेपरवाल्याकडनं कळलं. आठ बाद, एकोणीस धावा कमी, सामना अनिर्णित! केशवरावांनी हंडा खाली ठेवला आणि पेपरातला तो शेवटचा शब्द दोनदा बोट ठेवून वाचला.

रविवारी डोहाळजेवण झालं आणि छान झालं. साठ बायका जेवल्या, हात धुतले, पाणी पुरलं. ओवी हिरव्या साडीत फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती. मालनबाईंनी तिची ओटी भरली आणि मग त्या जेवणाच्या पंगतीत, सगळ्या बायकांच्या देखत माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, राग नका मानू, पण ती पाच दिवसांची मॅच पुन्हा कवा हाय हो? जरा आधी सांगा. म्हंजी आमच्या गल्लीला पिपं रिकामी करून ठिवता येतील."

सगळ्या बायका हसल्या. उमासुद्धा हसली, शुक्रवारनंतर पहिल्यांदा. माझ्या जिवात जीव आला. मी वाढपी होतो. हातातलं श्रीखंडाचं पातेलं सावरत मी खरं तेच सांगितलं, "आता एकदम जूनमध्ये, मालनबाई. विलायतेत आहे. आपल्याकडं दुपारी साडेतीनला सुरू होते."

"दुपारी?" मालनबाईंचा चेहरा उतरला. "दुपारी कुठं पाणी येतंय! मंग काय उपेग त्या मॅचचा!"